पुसल्यावर उरलेला आवाज

मी एक जुना, रिळांचा टेप रेकॉर्डर आहे. दोन रिळं, पाच बटणं, राखाडी पत्र्याची पेटी आणि एक वाईट खोड, एवढीच माझी मालमत्ता. बाकीचं ओघाने येईलच, पण मित्रांनो, खोड आधी सांगितलेली बरी. तिच्यापायी एका गेलेल्या माणसावर बालंट आलं आणि त्याच्या लेकीला मान खाली घालून बसावं लागलं. माझी खोड अशी, की मला पुरतं विसरता येत नाही.

जन्मतः मी असा नव्हतो. एका लांबलचक कारखान्यात बायका केसासारखी बारीक तार गुंडाळत बसत, तिथे मी घडलो. माझ्या तोंडाशी तीन लहान डोकी बसवली गेली. पहिलं डोकं फितीवरचं जुनं पुसतं, दुसरं नवं लिहितं आणि तिसरं लिहिलेलं वाचून दाखवतं. शेवटच्या टेबलावरच्या तपासनीस बाईंनी माझ्यात चार शब्द बोलून ते परत ऐकले. "याचा गळा स्वच्छ आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर गोल कागद चिकटवला. एवढ्या कौतुकावर मी पुढची कितीतरी वर्षं जगलो.

मग मी सैन्याच्या एका कचेरीत आलो. तिच्या दारावर पाटी नव्हती. शत्रू आपल्यात हेर पेरतो, ते हुडकून काढायचे आणि पलीकडची खबर माणसांच्या तोंडून मिळवायची, हे त्या कचेरीचं काम. पुढच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि एक दिवा. दिव्याच्या बैठकीत माझा माइक. त्याची तार भिंतीतून मागच्या खोलीत यायची आणि तिथे मी बसलेला असायचो.

त्या खुर्चीवर मेंढपाळ बसले, हमाल बसले, न्हावी बसले, पलीकडून पळून आलेले शिपाई बसले. सुरुवातीला सगळे हवापाण्याचं बोलायचे. मग खुर्ची करकरायची. मग खरं यायचं. कचेरीचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, ते नव्या माणसांना सांगायचे, "इथे येणारा जीव मुठीत धरून येतो आणि जाताना तो आपल्या मुठीत ठेवून जातो. मूठ उघडायची नाही."

मला खऱ्या अर्थाने ओळखलं ते लेखनिकबाईंनी. फिती ऐकून त्यातला शब्द न् शब्द टाईप करणं हे त्यांचं काम. बरोबर नऊला यायच्या, स्पिरिटचा बोळा घेऊन माझी तिन्ही डोकी पुसायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि कानाला हेडफोन लावायच्या. पहिलं पान हातावेगळं होईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, असा त्यांचा नेम होता. दुसरा नेम असा, की खोलीतलं खोलीत. घरी यजमान विचारायचे, "आज काय केलंस?" आणि बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "टाईप केलं." सव्वीस वर्षं त्या घरात एवढंच उत्तर गेलं.

माझाही एक नेम होता, मित्रांनो. ऐकलं ते जसंच्या तसं द्यायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

तो मोडला कसा ते सांगताना अजून लाज वाटते. फितींची तेव्हा फार चणचण. भांडारातला माणूस जुनी फीत दाखवल्याशिवाय नवी देत नसे आणि दाखवली तरी बहुतेक वेळा हात हलवीत परत पाठवी. म्हणून टाईप होऊन तपासली गेलेली फीत पुन्हा मलाच लावायची, वरून नवा माणूस बोलायचा आणि माझं पहिलं डोकं खालचा माणूस पुसून टाकायचं, अशी तिथली रीत. सगळं सुरळीत चाललं होतं. एकदा शिपायाच्या हातून मी पायरीवर आपटलो. वरून एक ओरखडाही नाही, पण आतलं पुसणारं डोकं केसभर खाली सरकलं. त्या दिवसापासून फितीच्या वरच्या काठाला जुन्या आवाजाची एक बारीक किनार उरायला लागली.

बाईंना ते तिसऱ्या दिवशी कळलं. त्या दचकल्या आणि हेडफोन काढून त्यांनी मागे पाहिलं. मागे भिंत होती. त्यांनी मिस्त्रींना बोलावलं.

"मिस्त्री, याच्यात खालून कुणीतरी बोलतंय."

"खालून म्हणजे?"

"वरचा माणूस गप्प झाला, की ऐकू येतं."

मिस्त्रींचे कान इंजिनांच्या घरघरीत अर्धे गेलेले. त्यांनी हेडफोन लावला, डोळे बारीक केले आणि काढला. "मला तर काही नाही बुवा. बाई, तुम्ही उपास जरा कमी करा."

खोलीत हशा पिकला. पुढे कित्येक दिवस कुणी ना कुणी दारातून विचारून जायचं, "काय बाई, आज भुतं काय म्हणतात?" बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. जिथे जिथे खालचा आवाज असेल त्या फितीच्या खोक्यावर त्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ठिपका द्यायच्या आणि वरच्याच माणसाचं टाईप करायच्या. ही खोड कुठल्याही वहीत लिहिली गेली नाही. ती फक्त बाईंना ठाऊक होती आणि मला.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा किनारीने काय होतंय. पण मला विचारा. एका मेंढपाळाने खुर्चीवरून उठताना म्हटलं होतं, "परवा येतो, साहेब." तो परवाही आला नाही, तेरवाही नाही. पुढे त्याच फितीवर एक न्हावी तासभर बोलला आणि तो श्वास घ्यायला थांबला, की खालून यायचं, "परवा येतो, साहेब." अशी माणसं घेऊन मी फिरत राहिलो.

त्यानंतरच्या वर्षी एक नकाशा फुटला, म्हणजे त्याची नक्कल पलीकडे पोहोचली. नकाशा ज्यांच्या हातून गेला होता त्या सगळ्यांना त्या खुर्चीवर बसवलं. मंगळवारी एक जीपचालक आला. पोरसवदा, किनऱ्या आवाजाचा. आपलं नाव आणि नंबर सांगून त्याने झालं ते सरळ सांगितलं. त्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता. फीत टाईप झाली आणि मोकळी झाली. गुरुवारी पलीकडचा एक माणूस पकडून आणला. घाईत तीच फीत मला लावली गेली. थोरल्या साहेबांनी त्याला विचारलं, "नकाशा तुला कुणी दिला?" तो माणूस पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग भलतंच काहीतरी बोलू लागला. नकाशा कुणी दिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. जीपचालक दोन वर्षांनी घाटात गाडीसकट गेला. कामावर असताना गेला, म्हणून छावणीच्या फाटकावर अशा गेलेल्यांची जी पाटी आहे, तिच्यावर त्याचं नाव कोरलं.

पुढे मुठीत मावणारी यंत्रं आली आणि मला कापड घालून कोठीत ठेवलं. माझ्याबरोबर फितींची दोनशे चाळीस खोकी. बाई निवृत्त झाल्या आणि थोरले साहेब वारले. माझ्या उजव्या रिळावर कोळ्याने घर केलं, ते मी मोडलं नाही. तेवढीच सोबत.

गेल्या वर्षी अचानक कापड उचललं गेलं. कचेरी आधुनिक करायचा हुकूम आला होता. नव्या प्रमुख कॅप्टन मॅडम तरतरीत, चुकीला क्षमा नाही अशा. त्यांच्या टेबलावर पाटीएवढं चपटं नवं यंत्र होतं. मित्रांनो, त्याची मी निंदा करणार नाही. ते खरखर काढून टाकतं, दबलेला आवाज वर उचलतं, कोण काय बोललं ते वेगळं करतं आणि एकदा ऐकलेला गळा कधी विसरत नाही. पण जुन्या फिती त्याला कुठल्या वाजवता येणार? त्या माझ्यावर वाजवायच्या आणि तारेने त्याला ऐकवायच्या. मला कोण आनंद झाला. न सुटलेल्या प्रकरणांच्या तेवढ्या एक्केचाळीस फिती निवडल्या होत्या, त्या मी त्याला मन लावून ऐकवल्या. वरचं ऐकवलं आणि खालचंही ऐकवलं.

त्याने त्या गुरुवारच्या फितीचा कागद काढला. खोलीत हजर माणसं, तीन. प्रश्न: नकाशा तुला कुणी दिला? उत्तर, तिसऱ्या माणसाचं: मी दिला. माझ्या हातानं दिला. तिसऱ्या माणसाने सुरुवातीलाच नाव आणि नंबर सांगितला आहे, तो अमुक जीपचालक. पुढे 'अस्पष्ट'.

एकतीस वर्षांचं कोडं सुटलं म्हणून वरच्या कचेरीतून शाबासकी आली. फाटकावरच्या पाटीवरून नाव काढायचं ठरलं. चालकाची लेक सैन्याच्या इस्पितळात सिस्टर होती. तिला सांगितलं, चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका. माझं काम संपलं होतं, म्हणून माझ्या कडीला मोडीत न्यायची चिठ्ठी बांधली. गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती.

चिठ्ठी बांधली त्याच सकाळी बाहेरच्या बाकावर दोघी जणी येऊन बसल्या. एक ती सिस्टर. दुसऱ्या आमच्या लेखनिकबाई, आता केस पांढरे झालेल्या. खोक्यांवरचे ठिपके कसले, ते विचारायला मॅडमनी त्यांना बोलावलं होतं. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं.

"तुम्ही कोणत्या कामाला, ताई?" बाईंनी विचारलं.

"माझ्या वडिलांचं काहीतरी निघालंय. जीप चालवायचे ते. मी चार वर्षांची असताना गेले."

"आठवतात का?"

"छे हो. आई सांगते तेवढंच. म्हणते, गाडीशी जास्त बोलायचे, माणसांशी कमी." ती थोडी हसली आणि लगेच थांबली. "आता म्हणतात, नकाशा त्यांनी दिला. टेपमध्ये स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. आईला अजून सांगितलं नाही. रोज सकाळी गणवेश घालून निघते आणि बागेत जाऊन बसते. किती दिवस बसू?"

बाईंनी पिशवीचा बंद दोनदा सोडला, दोनदा बांधला. त्यांना सगळं कळलं होतं. मलाही. मला तोंड आहे, पण कुणी बटण दाबल्याशिवाय ते उघडत नाही.

बाई आत आल्यावर मॅडमनी खोकं पुढे सरकवलं. "हा ठिपका तुम्ही दिलात?"

"हो."

"कशासाठी?"

बाईंनी बोटाने तो ठिपका झाकला.

"शपथ मोडेल म्हणून भिताय का? मी थोरल्या साहेबांच्याच जागी बसले आहे, बाई. माझ्यापाशी बोलून शपथ मोडत नाही."

"शपथेचं नाही, मॅडम. लाजेचं आहे." आणि मग त्यांनी सांगितलं. पायरीवरचं आपटणं, खालचा आवाज, मिस्त्री, हशा, सगळं.

"हे तुम्ही लेखी दिलं होतं?"

"नाही."

"का नाही?"

"हसले म्हणून."

"लोक हसले म्हणून तुम्ही इतकी वर्षं गप्प राहिलात?"

"राहिले. पुन्हा वाटायचं, यंत्रात खोट आहे म्हटलं, तर मी टाईप केलेलं पान न् पान खोटं ठरेल. माझं सगळं आयुष्य त्या पानांत गेलंय."

"तसं ते आताही ठरू शकतं."

"ठरू दे. पोर बाहेर बसलीये."

मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण हे यंत्र थकत नाही आणि त्याला कुणाची दया येत नाही. तुमच्या शब्दावर मी फाईल कशी फिरवू?"

"माझ्या शब्दावर नका फिरवू. याला विचारा." बाईंनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. तो हात गार होता. "थोरले साहेब रोज सकाळी यंत्र तपासायला दोन शब्द बोलायचे, ती फीत असेल कोठीत. ती लावा. तिच्यावर तुम्ही बोला, खोलीत एकट्या बसून. मग तुमच्या यंत्राला ऐकवा."

फीत सापडली. बाईंनी सवयीने माझी डोकी पुसली. अकरा वाजता मॅडम पुढच्या खोलीत एकट्या बसल्या, दार लावून घेतलं आणि दिव्यासमोर टेबलावरच्या वस्तू एकेक करून सांगितल्या. दौत. तांब्या. किल्ल्या. मध्ये मध्ये थांबल्या. मग ती फीत मी नव्या यंत्राला ऐकवली.

त्याने कागद काढला. खोलीत हजर माणसं, दोन. पहिली, कॅप्टन मॅडम. दुसरी, या कचेरीचे माजी प्रमुख.

नऊ वर्षांपूर्वी वारलेला माणूस त्या सकाळी अकराला त्या खोलीत हजर होता, असं नव्या यंत्राने लिहून दिलं होतं. मॅडम तो कागद हातात धरून उभ्याच राहिल्या. मग त्यांनी स्वतः हेडफोन लावला, थोड्या वेळाने काढला आणि आवाज खोलीत सोडला. दौत. तांब्या. आणि त्याच्यानंतरच्या शांततेत, विहिरीच्या तळातून यावा तसा, थोरल्या साहेबांचा आवाज आला. "आवाज येतोय का, बाई?"

"येतोय, साहेब," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

कुणीच हसलं नाही. मॅडमनी माझ्या कडीची चिठ्ठी सोडली, घडी करून खिशात ठेवली आणि शिपायाला म्हणाल्या, "सिस्टरना आत बोलवा. हे घरच्या माणसाने ऐकायला हवं."

गुरुवारची फीत लावली. पलीकडचा माणूस गप्प झाला, त्या जागी बाईंनी मला थांबवलं, मागे नेलं, पुन्हा सोडलं. नव्या यंत्राने जिथे 'अस्पष्ट' लिहिलं होतं तिथे वरचा माणूस मोठ्याने बोलत होता. पण बाईंचा कान मुरलेला. त्या ऐकत गेल्या आणि एकेक वाक्य उचलून सांगत गेल्या.

"मी दिला. माझ्या हातानं दिला. सुभेदारांच्या हातात दिला, सही घेतली, तिथे दोघे उभे होते." बाई थांबल्या. मला पुन्हा मागे नेलं. "एवढंच, साहेब. आता जाऊ का? पोरगी वाट बघत असेल. दोन वर्षांची आहे, पण आमची जीप लांबून ओळखते. दुसरी गाडी आली तर उठत नाही."

सिस्टर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. ती म्हणाली, "मला वाटायचं, त्यांचा आवाज जाड असेल."

"नव्हता," बाई म्हणाल्या. "किनरा होता. ऐका." आणि त्यांनी स्वतःचा हेडफोन तिच्या कानांवर ठेवला.

तिने ऐकलं. खालच्या आवाजातलं तिला किती कळलं ते मला ठाऊक नाही. ती उठली नाही.

"याची प्रत मला देता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "वरचा आवाज गुप्त आहे."

"प्रत नको. पुन्हा एकदा लावा."

बाईंनी तीनदा लावली. चौथ्यांदा मॅडमनीच लावली.

पाटीवरचं नाव जागेवर राहिलं. सिस्टर सोमवारपासून कामावर रुजू झाली. मॅडमनी वर कळवलं, की कोडं सुटलेलं नाही आणि आम्हाला दिलेली शाबासकी परत घ्यावी. ते पत्र लिहायला त्यांना फार वेळ लागला, पण लिहिलं. माझ्या झाकणावर त्यांनी बाईंच्या अक्षरात एक कागद डकवला: 'याचं पुसणारं डोकं खाली सरकलेलं आहे. खालचा आवाज आधीच्या माणसाचा असतो.' इतक्या वर्षांत माझी खोड पहिल्यांदा लिहिली गेली. कारखान्यातल्या त्या गोल कागदापेक्षा मला हा कागद अधिक मोलाचा वाटतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी जुन्या वस्तू असतील आणि त्यांच्या खोडी ठाऊक असलेली माणसंही असतील. ती माणसं काही सांगू लागली तर हसू नका. आणि तुम्हाला स्वतःला काही ठाऊक असेल तर, कुणी हसलं तरी, ते लिहून ठेवा. नवं यंत्र जरूर आणा. फक्त जुन्याला निरोप देण्याआधी त्याला काय काय होतं ते विचारून घ्या. आम्ही खोटं बोलत नाही, पण आमचं खरं कसं ऐकायचं ते कुणीतरी सांगावं लागतं.

मला त्यांनी दुरुस्त केलेलं नाही. नव्या यंत्राने वाचलेल्या उरलेल्या चाळीस फितींमध्ये एकोणीस ठिपक्यांच्या निघाल्या. त्या एकोणीस कागदांवर कुणाच्या ना कुणाच्या नावापुढे संशयाची लाल खूण आहे आणि ती माणसं किंवा त्यांची मुलं कुठेतरी आहेत, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. बाई आता दर सोमवारी येतात. आजवर अकरा फिती झाल्या. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येऊ लागलं आहे, म्हणून हेडफोन त्या उजवीकडे जरा दाबून धरतात. पहिलं पान झाल्याशिवाय पाणी पीत नाहीत. वरचा माणूस बोलायचा थांबतो, तशा बाई बोट वर करतात आणि मी, जितक्या हळू फिरता येईल तितक्या हळू फिरतो.